दाजी, तुम्ही ग्रुप का सोडलात?

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण उजवा गुडघा वाकेनासा झालाय, तेव्हा सात अंगांचा मानून घ्यावा, आठवं अंग पुढच्या भेटीत. (दिवस काटकसरीचे आहेत, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच झाली.) तुमचं पित्त काय म्हणतं? ताईची कंबर? आणि मुख्य म्हणजे तुमची सर्दी कशी आहे? सर्दी असणारच. कारण मी ताईला फोन केला की ती सांगते, ते अंघोळीला गेलेत. सकाळी केला तरी अंघोळीला, दुपारी केला तरी अंघोळीला, परवा ऑफिस सुटायच्या वेळी केला तेव्हासुद्धा तुम्ही अंघोळीलाच. दाजी, या वयात इतकं पाणी अंगावर घेणं बरं नव्हे. मोबाईलवर पाठवलेले निरोपही तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, एकाच खुणेवर अडून राहतात. शेजारचा औषधवाला म्हणाला, याला ब्लॉक करणं म्हणतात. मी त्याला म्हटलं, आमचे दाजी तसे नाहीत, त्यांच्याकडे रेंज नसेल. पण तरी शेवटी कागद घेतला, कागदाला काही ब्लॉक करता येत नाही.

आधी माफी मागून मोकळा होतो. तुम्हाला ‘खोली वाचवा’ या ग्रुपात मी घातलं, ही गोष्ट खरी. पण मुद्दाम नाही घातलं. औषधवाला (आमच्या दुकानाला लागून त्याचं औषधांचं दुकान आहे आणि मोबाईलमधलं त्याला सगळं कळतं, निदान त्याचं तसं म्हणणं आहे) मला म्हणाला, फोनातली सगळी नावं एकदम टाका, आवाज मोठा झाला पाहिजे. मी टाकली. त्यात माझी सगळी गिऱ्हाइकं आली, दूधवाला आला, वस्तऱ्याला धार लावून देणारे आमचे धारवाले आले, ज्यांना वारून बरेच दिवस झाले (त्यांचा नंबर आता कुठल्याशा कॉलेजातल्या मुलीकडे गेलाय, ती मात्र अजून ग्रुपात टिकून आहे, पोरगी गुणाची), आणि दूधवाल्याच्या वरच्या ओळीत तुम्ही. सरकारच्या खर्चकपातीविरुद्धचा ग्रुप आणि त्यात खर्चकपात करणाऱ्या खात्याचे हेडक्लार्क! तुम्ही आलात काय नि चहा गार व्हायच्या आत गेलात काय. माझ्या फोनवर ओळ उमटली, ‘दाजी बाहेर पडले’. दुसऱ्यांच्या फोनवर नुसता नंबर दिसला असता, पण तुमच्या फोटोत मागे खात्याची पाटी आहे ना! ग्रुपातल्या एका मास्तरांनी लगेच लिहिलं, सरकारी हेर शिरला होता. मी तुमची बाजू घेतली हं दाजी. म्हटलं, हेर नाही, ते लाजाळू आहेत. त्यावरून तुमच्या साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं असं ताईकडून कानावर आलं. झालं ते वाईट झालं, चूक माझी, पदरात घ्या.

आता हा उपद्व्याप मुळात केला कशाला, ते ऐका. हिला झटका आला तेव्हा तुम्ही दोघं येऊन गेलात, सफरचंदं ठेवून गेलात. तेव्हा ही अंथरुणाला खिळलेली होती. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालायला लागली, पण बोलणं मोजक्या शब्दांवर आलं. ही, दाजी! जी माझ्याच दुकानात पडद्याआडच्या दुसऱ्या खुर्चीवर बायकांचे केस कापता कापता अख्ख्या गल्लीची भांडणं मिटवायची आणि लागलंच तर एखादं नवं लावूनही द्यायची, ती आता ‘अहो’, ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘पुरे’ यांच्यावर दिवस काढते. तर सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला फिजिओथेरपीची एक खोली होती. भिंतीला कप्पी आणि दोरी, खिडकीशी धरून चालायच्या दोन दांड्या, कोपऱ्यात एक लाकडी जिना, तीन पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे तीन उतरायच्या, जिना जात कुठेच नव्हता. मॅडम एकच, तोंडाने फटकळ, पण हात असा की दुखणं आपणहून बाजूला व्हायचं. त्या हिच्याकडून कपडे वाळत घालायचे चिमटे बादलीच्या काठाला लावून घ्यायच्या. सुरुवातीला चिमटा हातातून पडायचा, ही रडायची. मॅडम म्हणायच्या, रडा खुशाल, पण चिमटा उचलून रडा. बाकावर हिच्यासारख्याच आणखी तिघी-चौघी असायच्या, एकीची मान धरलेली, एकीचा पाय, एकीला तर स्वतःचं नाव सांगता येत नसे. पण कुणाचे किती चिमटे बसले यावरून त्यांच्यात अशी चुरस की विचारू नका. हिचा एक चिमटा बसला तेव्हा त्या सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या, जिचा एकच हात चालायचा तिने मांडीवर वाजवली. मग अर्धी बादली भरली. मॅडम म्हणाल्या, आता पुढच्या महिन्यात हातात कात्री देऊ. त्यावर ही हसली, दाजी. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. मी येता येता बोथट टोकाची नवी कात्री घेऊनच घरी आलो.

पुढच्या महिन्यात दाराला कुलूप आणि कुलपाच्या वर कागद. ‘वित्तीय शिस्तीच्या अनुषंगाने सदर कक्षातील सेवांचे सुसूत्रीकरण करण्यात येत असून लाभार्थ्यांनी सहकार्य करावे.’ मी तो कागद मोठ्याने वाचला, दोनदा वाचला, तरी सुसूत्रीकरण म्हणजे कुलूप हे कळायला कुलपाकडेच बघावं लागलं. मॅडमना जन्ममृत्यूच्या नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. ज्या हातांनी माणसं चालती केली ते हात आता शिक्के मारतात, आणि शिक्के मारून मारून त्यांचंच मनगट आखडलंय म्हणे. कागदातल्या त्या वाक्याची चाल मला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली खरी. तुम्ही आमच्याकडे जेवायला बसता तेव्हा आणखी वाढू का विचारलं की ‘तूर्तास स्थगित’ म्हणता ना, तसं काहीसं. पण मी संशय घेत नाही. हेडक्लार्कच्या हाताखालून हजार कागद जातात, त्यातला कुठला कुणाच्या बोटांवर पडेल हे त्यांनी बघत बसायचं का?

तर ग्रुप निघाला तो माझ्या दुकानात, मास्तरांच्या दाढीच्या वेळी. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, खुब्याचं हाड बदललेले, त्याच खोलीत चालायला शिकत होते. दुसरा टॅक्सीवाला, त्याचा डावा खांदा धरलेला, गिअर टाकायचा तर उजवा हात आडवा आणायचा. तिसऱ्या शिवणाच्या मावशी, बाकावरच्या धरलेल्या मानेच्या त्या ह्याच. चौथा औषधवाला, त्याचं काही दुखत नव्हतं पण मोबाईल त्याच्याकडे मोठा होता. ग्रुपाचं नाव काय ठेवायचं यावरच इतकी वादावादी झाली की खोली तोवर आपणहून उघडेल असं मला वाटायला लागलं. मग नियम ठरला, कुणी सुप्रभातचे फोटो टाकायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मास्तरांनी सूर्योदय टाकला. का, तर म्हणे हा सुप्रभात नव्हे, हा क्रांतीचा सूर्य. त्याच्याखाली लोकांनी सव्वाशे नमस्कार केले. टॅक्सीवाला बोलून निरोप पाठवायचा, त्यात तो कमी आणि हॉर्न जास्त ऐकू यायचा. पण हसू नका दाजी, माणसं येत गेली. कुणाची बस बंद झालेली, कुणाचं वाचनालय, कुणाच्या पोराच्या शाळेतलं दुपारचं दूध. कुठून कुठून लिहायचे. मी हातातलं काम थांबवून वाचायचो आणि मला वाटायचं, अरे, एवढ्या दारांना कुलुपं लागली आणि आपल्याला आपल्याच दाराचं पडलं होतं.

पहिला लढा आम्ही दिला तो सरकारच्या तक्रारीच्या वेबसाइटवर. औषधवाल्याने फर्मान काढलं, उद्या अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम तक्रार नोंदवायची. अकरा वाजता आम्ही उघडतोय तर काय, तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि प्रकारांत ‘दवाखाना’ नाही. ‘इतर’ होतं, पण ते काटकसरीमुळे तात्पुरतं बंद. राहिले भटकी जनावरं, तुंबलेली गटारं आणि पथदिवे. औषधवाल्याने लिहिलं, कुठलाही निवडा हो, खाली मजकुरात सगळं लिहायचंच आहे. आम्ही सगळ्यांनी पथदिवे निवडले. खाली पोटतिडकीने लिहिलं. मी हिच्या बादलीबद्दल लिहिलं, चिमट्यांबद्दल लिहिलं, लिहिताना डोळे भरून आले. आणि सरकार ऐकत नाही असं कोण म्हणतं? चौथ्या दिवशी शिडीची गाडी आली आणि कुलूप लावलेल्या त्या दारासमोर असा दिवा लावून गेली की सुई पडली तर सापडावी. तो दिवसासुद्धा जळत असतो. मग प्रत्येकाच्या फोनवर संदेश आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया तारे द्या. आमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी पाच तारे दिले! विचारलं का दिलेत, तर म्हणाले, तिथे पाच तारे पिवळे दिसत होते, बोट लागलं. काहींनी तर सांगितलं, बिचारे शिडी घेऊन आले, नाही कशाला म्हणायचं. आता सरकारदरबारी अशी नोंद आहे की खोली बंद झाल्यापासून या भागातले नागरिक अत्यंत समाधानी आहेत.

त्यानंतर मास्तर म्हणाले, वेबसाइट पुरे, आता सत्याग्रह. पण सत्याग्रह करायचा म्हणजे काय करायचं? मोर्चा काढावा तर सगळे लंगडे. उपोषण करावं तर निम्म्यांना मधुमेह. संप करावा तर संपावर जायला नोकरी लागते. शेवटी टॅक्सीवाल्याने हॉर्नमधून एक सूचना केली. ज्याला चालावं लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, खर्च तर नाहीच नाही, असं एकच आहे. खोली उघडेपर्यंत कुणी केस कापायचे नाहीत! ग्रुपात आनंदीआनंद झाला. अंगठ्यांवर अंगठे, फुलांवर फुलं. सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात पाठिंबा दिला मास्तरांनी, ज्यांच्या डोक्यावर केस नावालाही नाही. बायकांनी तत्त्वतः पाठिंबा दिला. मी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होतो. फोन खणाणला म्हणून पाहिलं, तर सातशे माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. दाजी, त्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? (आता अंघोळीला गेलो असतो म्हणू नका.) मीच खोलीसाठी कंठशोष करणार आणि मीच म्हणणार, बाबांनो, माझ्या पोटावर पाय येतो? फेसाच्याच बोटाने अंगठा दाबला. मास्तरांनी लिहिलं, याला म्हणतात त्याग.

त्याग म्हणजे काय ते दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. तुम्ही म्हणाल, ग्रुपाबाहेरची गिऱ्हाइकं असतील की. अहो, कुठून असणार? फोनातली सगळी नावं मीच तर टाकली होती! दुकान उघडायचं, आरसे पुसायचे, टॉवेल घडी घालायचे, मोडायचे, परत घालायचे. लोक काचेतून हात करायचे आणि वाढलेल्या केसांवरून अभिमानाने हात फिरवून पुढे जायचे. दर रविवारी सगळे आपापल्या डोक्याचे फोटो टाकायचे. माझे केस सगळ्यांच्या आधी कानांवर आले, मग मानेवर आले, त्याबद्दल माझं फार कौतुक व्हायचं. औषधवाला लिहायचा, बघा, ज्याच्या हातात कात्री त्याचा निग्रह बघा. धारवाल्यांच्या नंबरवरची ती मुलगी एकदा मुद्दाम दुकानात आली आणि तिने माझा फोटो काढला. रिकाम्या दोन खुर्च्या, आरसा, आणि मध्ये मी असा पिंजारलेला. खाली लिहिलं, हे काका त्यांच्या बायकोच्या हातासाठी थांबलेत. तो फोटो कुठल्या कुठे गेला दाजी. हजारो लोकांनी पाहिला. एका अनोळखी बाईंनी लिहिलं, आमच्याकडचीही खोली बंद झाली, माझा मुलगा दांड्या धरून चालायला लागला होता, आजपासून मीही केस कापणार नाही. ते मी हिला वाचून दाखवलं. ही बराच वेळ फोनकडे बघत राहिली आणि मग डाव्या हाताने तिने माझ्या हातातला फोन घेऊन छातीशी धरला. ते चार-आठ दिवस मला खरंच वाटलं होतं की खोली उघडणार.

आणि मग ते पोस्टर लागलं. तुमच्या खात्याच्या प्रसिद्धी विभागाने लावलं, तुम्हाला कल्पना नसेल. त्यांनी तो फोटो कुठेतरी पाहिला, खालची ओळ तेवढी काढून टाकली, आणि बचतीच्या मोहिमेसाठी भला मोठा छापला. वर माझं पिंजारलेलं डोकं आणि खाली अक्षरं, ‘यांनी केस नाही, खर्च कापला. आणि तुम्ही?’ साहेबांनी व्हिडिओतून आमचं अभिनंदनही केलं. म्हणाले, नागरिक आपणहून अनावश्यक खर्च टाळत आहेत, ही मोठी समाधानाची बाब आहे. आणि दाजी, कशात काय अन् फाटक्यात पाय, ते पोस्टर लावलं कुठे, तर त्या कुलूप लावलेल्या दारालाच, कारण तिथे उजेड फार छान पडतो! मी हिला घेऊन मॅडमना भेटायला चाललो होतो, तेव्हा दिसलं. ही थांबली. पोस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही.

ग्रुपाने त्या दिवशी माझी जी बिनपाण्याने केली, तशी मी आयुष्यात कुणाची केली नसेन. मी सरकारला फितूर झालो, फोटोचे पैसे खाल्ले, दाजी म्हणून कुणी आहे त्याच्यामार्फत सगळं जमवलं. (तुमचं नाव मी या वेळी काढलं नव्हतं, देवाशपथ.) ती मुलगी बिचारी रडत रडत सांगत होती की चूक तिची आहे, पण तिचं ऐकतो कोण? आणि मग एकेक जण गळायला लागला. आधी टॅक्सीवाला, ‘वैयक्तिक कारणास्तव’. आठवड्याने तो सिग्नलला दिसला, तर गिअर डाव्या हाताने टाकत होता! कुणा मोठ्या साहेबाला रोज सोडतो म्हणे, त्यांनी बड्या इस्पितळात चिठ्ठी दिली. आणि दाजी, मान कापलेली होती. मानेवरचे केस मी बघितले की कुणाच्या हातचे ते कळतं, डावीकडे तिरकी कड होती, चौकापलीकडच्या त्या नवख्याचं काम. खांदा परस्पर जमवलास ते जमवलंस, मान तरी माझ्याकडे घेऊन यायचीस! मग मावशींच्या भाच्याच्या सासऱ्याने कुठेतरी शब्द टाकला. मास्तरांच्या मुलाने घरी येणारा माणूस ठेवला, आता मास्तर तुरुतुरु चालतात आणि मला पाहिलं की दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवर जातात, तेवढं चालता येतं त्यांना. औषधवाला ग्रुपात आहे, पण त्यावर आता तो खोकल्याच्या औषधाची जाहिरात करतो. ज्याला त्याला आपापली एक मागच्या दाराची वाट सापडली आणि पुढचं दार उघडायला कुणी उरलं नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. नाही, ठेवतो. चांगली ठेवतो! सगळ्यांनी मिळून गोड बोलून केसाने गळा कापला, आणि तोही माझ्यासारख्याचा.

आता आमच्याकडची हकिगत. मी घरी बादली आणून ठेवली आहे. चिमटे आणले, मऊ स्प्रिंगचे, कडक स्प्रिंगचे. मॅडम करायच्या तसं मीही म्हणतो, रडा, पण उचलून रडा. माझ्या तोंडून ते नुसतं कठोर वाटतं. तिची बोटं दिवसेंदिवस आत वळत चाललीत. सकाळी मी ती एकेक करून सरळ करतो, दुपारपर्यंत परत मूठ. अर्ध्या बादलीचे चार चिमटे झाले, चाराचा एक झाला, आणि परवा तिने तो एकही भिंतीवर फेकून मारला आणि म्हणाली, पुरे. मॅडम म्हणाल्या होत्या की हे काही महिन्यांत झालं तर झालं, नाहीतर बोटं तशीच राहतात. ते महिने पथदिव्यात गेले, प्रतिज्ञेत गेले, भांडणात गेले. दाजी, मी थकलो. आपण काही करू शकतो असं ज्या दिवसांत वाटलं, त्या दिवसांचा मला आता राग येतो. कुणी सरकारबद्दल बोलायला लागलं की मी पंखा मोठा करतो.

असो. तुम्ही मोठ्या मनाचे, मेहुण्याचा अपराध पोटात घालाल. ताईला सांगा, भावाची आठवण काढत जा, आणि फोन आला की निदान अंघोळीऐवजी दुसरं काहीतरी कारण दे. मुलांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण काय करणार, दुकानात वेळच वेळ आहे.

तुमचा,
पोस्टरवरचा मेहुणा

ता. क. : माफी मागण्यासाठीच पत्र लिहिलं, दुसरा काही हेतू नव्हता. आता लिहितोच आहे म्हणून सहज विचारतो. तुमच्या खात्यातल्या लोकांसाठी जे वेगळं इस्पितळ आहे, तिथली फिजिओथेरपीची खोली बंद झालेली नाही असं कानावर आलंय. तिथे म्हणे नोकरदाराच्या आईला, बायकोला आणि अवलंबून असलेल्या बहिणीला घेतात. तुम्हाला बहीण नाही. ती जागा रिकामीच आहे. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असा तुमचाच आदेश आहे, ठाऊक आहे मला, पण ही एक भरता आली तर बघा ना दाजी. हिला तुमची बहीण म्हणून लावा. ती काही बोलून गोंधळ करणार नाही, तिला बोलताच येत नाही. मी हात जोडतो. वर त्या टॅक्सीवाल्याबद्दल जे लिहिलं ते खोडावं असं मनात आलं होतं, पण मग पान खराब दिसलं असतं.

ता. क. दुसरा : केसांचं एक राहिलं. आमच्या धंद्यात माणूस जगाची डोकी करतो, पण स्वतःचं मागचं डोकं त्याला करता येत नाही. लग्न झाल्यापासून माझे केस हिनेच कापलेत. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी हिच्या खुर्चीत बसायचो आणि ही मागे उभी राहून मला बोलत बोलत कापायची. झटका आल्यापासून मी दुसऱ्या कुणापुढे मान वाकवली नाही. लोकांनी प्रतिज्ञा घेतली तेव्हा माझे केस आधीच कानांशी आले होते. निग्रह, त्याग वगैरे काही नव्हतं दाजी. मी आपला कात्रीची वाट बघत होतो.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करण्याआधी हिला सगळं वाचून दाखवलं. पथदिव्याला हसली. पहिला ता. क. वाचला आणि सांगितलं की बघ, दाजी जमवतील, तुझे चिमटे परत सुरू. तिने माझी बाही धरली. ओठ हलवले, परत हलवले, आणि म्हणाली, ‘बाकीच्या?’ हा शब्द झटक्यानंतर तिने कधी उच्चारला नव्हता. मी म्हटलं, बाकावरच्या बाकीच्यांनाही असतील कुठे ना कुठे दाजी. तिने बाही सोडली नाही, म्हणून पत्ता डाव्या हाताने लिहिलाय, अक्षर वाईट आलंय. बाकीच्यांना दाजी नाहीत, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. तरी तुम्ही तेवढं लवकर कळवा.